सव्वादोन इंच उंच झालेली जीप

शिरूर अनंतपाळ,
गुढीपाडव्यानंतरचा पहिला शनिवार

भोकरनिवासी, हळदीचे जाणते आणि आमच्या ऋतुजाचे सासरे श्री. हणमंतराव यांना त्यांचे व्याही रामलिंग मास्तर यांचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (हातांना ग्रीस लागलेले असल्याने तो लांबूनच स्वीकारावा.) आपली प्रकृती उत्तम असणारच, कारण ती बिघडल्याचे आजवर कोणी ऐकलेले नाही. विहीणबाईंचा उजवा गुडघा उन्हाळ्यात बरा राहतो असे त्यांनीच सांगितले होते, तेव्हा तो सध्या बरा असावा. डावा कसा आहे ते कळवावे. चि. सत्यम बँकेतून वेळेवर घरी येतो ना? आमची ऋतुजा जेवते ना? तिला सातव्यात कैरीचे डोहाळे लागले असल्याचे तिच्या आईकडून समजले. कैरी जरूर द्यावी, मीठ मात्र बेताचे असावे.

आता मुद्द्याकडे वळतो. मागच्या सोमवारी दूरध्वनीवर मी ‘ऋतुजाला बाळंतपणासाठी जीपने घेऊन येतो’ असे म्हणालो, तेव्हा आपण दिलेले उत्तर मी तारीखवार वहीत टिपून ठेवले आहे. “मास्तर, ती जीप न्हाई, उधळलेलं खोंड हाय. आमची सून तिच्यात बसणार न्हाई.” त्यावर मी कारणमीमांसेला नुकताच आरंभ केला होता, तोच आपण आवाज येत नसल्याचे सांगून फोन ठेवलात. (आवाज येत होता. विहीणबाई मागे हसत होत्या, तोही येत होता.) चौतीस वर्षे विज्ञान शिकवलेल्या माणसाचे स्पष्टीकरण दुसऱ्या वाक्यापाशी तुटले की त्याला रात्रीचे जेवण जात नाही, हे आपण जाणताच. म्हणून हा पत्रप्रपंच. पत्राचा आवाज जात नाही.

जीपचाच आग्रह का, हे आधी सांगणे माझे कर्तव्य आहे. ऋतुजा सहा दिवसांची होती तेव्हा लातूरच्या दवाखान्यातून ती ह्याच जीपमधून घरी आली. सौ. केवळाबाई मागच्या बाकावर, मांडीवर दुपट्यातले गाठोडे, आणि मी ताशी वीस किलोमीटरच्या वेगाने. वाटेत एका म्हशीनेही आम्हाला मागे टाकले. पण पोरीने घरापर्यंत डोळा उघडला नाही. सरकारी लिलावात घेतलेली ही पेट्रोलची जीप तेव्हाच तीस वर्षांची होती. तेव्हापासून ती माझ्याचकडे आहे (मधले चौदा महिने आपल्याकडे हळद वाहायला होती, तो काळ वगळून). तर जिच्यातून मुलगी प्रथम घरी आली, तिच्यातूनच तिने पहिल्या बाळंतपणाला माहेरी यावे, एवढीच माझी हौस आहे. हौसेला शास्त्राधार लागत नाही, परंतु सुनेच्या सासऱ्याला लागतो, हे मला मान्य आहे.

आपला आक्षेप खोटा होता असेही मी म्हणणार नाही. जीप उधळत होती. मकरसंक्रांतीला जळकोटहून परत येताना एका साध्या गतिरोधकावर सौ. केवळाबाईंचे डोके हुडाच्या लोखंडी कमानीला लागले, आणि तिथून घरापर्यंतचे अंतर त्यांनी एक शब्दही न बोलता कापले. हे लक्षण मी गंभीर मानतो. चाकाजवळ वाकून पाहिले तर मागचे दोन्ही शॉकप तेलाने भिजलेले. (ह्यालाच पुस्तकात आघातशोषक, लातूरच्या दुकानात शॉक ॲब्सॉर्बर आणि नांदेडला देगलूर नाक्यावर शॉकप म्हणतात. मी शेवटचा शब्द वापरीन, कारण दुरुस्ती अखेर तिथेच झाली.) तेल गळालेला शॉकप म्हणजे रिकामी नळी. तेव्हा नवे शॉकप निवडणे, तेही पद्धतशीरपणे, हे मी हाती घेतले.

इथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर करतो. शॉकप गाडीचे वजन पेलतो असे लोकांना वाटते, आपल्यालाही वाटत असावे. वजन पेलतात ते पोलादी पाटे, एकावर एक रचलेले. शॉकपचे काम वेगळे आहे. पाटा हा ‘निघतो आता’ म्हणणाऱ्या पाहुण्यासारखा असतो. एकदा उठला की पुन्हा बसतो, पुन्हा उठतो, दारापर्यंत जातो, पुन्हा पाण्याचा पेला मागतो. खड्डा एकच, पण पाट्याची उठबस दहा वेळा. अशा वेळी घरातली जी जाणती बाई पाहुण्याच्या चपला मुकाट्याने सरळ करून उंबऱ्यापाशी ठेवते, ती म्हणजे शॉकप. ती पाहुण्याला हाकलत नाही, फक्त दुसऱ्यांदा बसू देत नाही. (हा दृष्टांत मी सौ. केवळाबाईंना ऐकवला. दिवाळीत आपण दोन दिवसांसाठी येऊन सहा दिवस राहिलात, तेव्हा आपल्या चपला त्यांनी चार वेळा सरळ केल्या होत्या असे त्यांचे म्हणणे आहे. दृष्टांताचा हेतू तो नव्हता.)

तर शॉकप निवडताना पहिली गोष्ट म्हणजे लांबी. शॉकप पूर्ण ताणला असता किती आणि पूर्ण दाबला असता किती, आणि गाडी उभी असताना वरच्या खुंटीपासून खालच्या खुंटीपर्यंत किती, ही तीन मापे जुळली पाहिजेत. आखूड पडला तर ताणून तुटतो, लांब पडला तर दबून फुटतो. मग दोन्ही टोकांचे डोळे, म्हणजे खुंटीत अडकणाऱ्या कड्या, आणि त्यातील रबरी बुश. मग नुसते तेल की तेलासोबत वायू, कारण वायूचा शॉकप जुन्या हलक्या गाडीला फार ताठ पडतो. मी शेडमध्ये जीपखाली चटई अंथरली आणि तीन दिवस मापे घेतली. प्रत्येक माप पाच वेळा, सकाळी आणि दुपारी वेगळे (लोखंड उन्हाने प्रसरण पावते), आणि सरासरी दोन दशांश स्थळांपर्यंत. केवळाबाई चहाचा कप चाकाशी ठेवून जात, मी खालूनच आभार मानी.

ही मापे घेऊन मी लातूरला गेलो. दुकानाचा मालक नरसिंग हा माझाच विद्यार्थी, विज्ञानात दोनदा नापास झालेला, आणि आता सहा दुकानांचा धनी. त्याने उठून पाया पडून मला स्टुलावर बसवले. मी त्याला आधी शॉकपचे तत्त्व समजावून सांगितले, गिऱ्हाइके वाढत गेली तसे त्यांनाही सांगितले. नरसिंगने तीन जोड्या काढून समोर ठेवल्या. मी वायूची बाद केली, जाड नळीची बाद केली, आणि तेलाची, मध्यम, दोन्हीकडे डोळा असलेली निवडली, तीही फीत लावून. नरसिंगने माझा कागद वाचला, डोके खाजवले आणि विचारले, “सर, मोजताना गाडीत मागं काही सामान होतं का हो?” मी त्याला मापनातील निष्काळजीपणा ह्या विषयावर दहा मिनिटे सांगितले, आणि नववीत त्याने वर्तुळाचा व्यास पट्टीने मोजताना पट्टीचा तुटका भाग शून्य धरला होता, त्याचीही आठवण दिली. त्याने मान खाली घालून जोडी खोक्यात बांधून दिली. 

घरी पोहोचलो तर दारातून एक टेम्पो निघत होता. टेम्पोवाल्याचा नमस्कार घेतला, दिला. लगेच चटई अंथरून जीपखाली गेलो. शॉकपचा वरचा डोळा खुंटीत बसवला, खालचा ओढला, तर तो खालच्या खुंटीपासून सव्वादोन इंच वर लोंबकळत राहिला. मी प्रथम नरसिंगवर संशय घेतला. शॉकप मोजला, तो कागदाप्रमाणे तंतोतंत होता. मग जीप मोजली. हणमंतराव, जीप सव्वादोन इंच वाढली होती. पुढील अर्धा तास मी, विज्ञानाचा शिक्षक, अठ्ठावन्न वर्षे वयाची लोखंडी वस्तू एका दिवसात वाढू शकते काय, ह्याचा गांभीर्याने विचार करत चटईवर पडून होतो.

तोवर केवळाबाई आल्या. मी विचारले की सकाळपासून जीपला काही झाले का. त्या म्हणाल्या की काही नाही, तूर तेवढी गेली. मी विचारले, कोणती तूर. तेव्हा असे कळले की माघापासून आमची सहा पोती तूर जीपच्या मागच्या भागात ठेवलेली होती, कारण तिथे उंदीर चढत नाही. वर दोन गोधड्या, मागे ताडपत्रीचा पडदा दोरीने घट्ट. तीन दिवस मी त्या साडेतीन क्विंटल तुरीखाली उताणा पडून दोन दशांश स्थळांपर्यंत मापे घेत होतो, आणि पडद्याची दोरी सोडून आत पाहावे असे मला सुचले नाही. मी जरा रागानेच विचारले की मला सांगितले का नाही. त्यावर केवळाबाईंचे उत्तर जसेच्या तसे देतो. “तुम्ही तीन दिवस खाली लोळून राहिले. मला वाटलं पोती मोजून राहिले.”

ह्यावर उपाय शोधताना मी थोडी घाई केली हे कबूल करतो. तूर परत मागवणे अशक्य होते. म्हणून गल्लीतले पाच धष्टपुष्ट गृहस्थ चहाला बोलावून जीपमध्ये बसवले. जीप खाली बसली, शॉकप बरोबर खुंटीत गेला, नट कसला, सर्वांनी चहा घेतला. मग ते एकेक करून उतरू लागले. पाटे वर जाऊ पाहत होते आणि शॉकप त्यांना खाली धरून होता. जीप काही क्षण उकिडवी बसल्यासारखी थरथरली. पाचवे गृहस्थ ईश्वरप्पा हे उतरताच डावीकडून फटाक्यासारखा आवाज झाला, आणि रबरी बुश उडून समोरच्या घरच्या वाळवणात पडला. कुरड्यांचे नुकसान झाले नाही. परंतु तेव्हापासून आमच्याकडे चहाला कोणी बसत नाही, सगळे उभ्यानेच घेतात.

शेवटी मागचे नवे शॉकप काढून बाकावर टाकले आणि तशीच उड्या मारणारी जीप घेऊन मी नांदेडला देगलूर नाक्यावर खाजामियाँकडे गेलो. चौऱ्याहत्तर वर्षांचे हे गृहस्थ, डोळ्यांनी आता कमी दिसते, पण गाडी हातांनी वाचतात. लिलावानंतर माझ्या जीपचे पाटे त्यांनीच बसवले होते. मी त्यांना सर्व वृत्तांत मापांसह ऐकवला. त्यांनी तो पूर्ण ऐकून घेतला (आपणही एकदा असे ऐकावे, माझी नम्र सूचना आहे). मग ते मागच्या चाकाशी बसले, पाट्यांच्या कडेवरून बोट फिरवत मोजू लागले, आणि शेवटाला पोहोचून पुन्हा पहिल्यापासून मोजले.

“मास्तर, म्या सात घातल्ते. हे अकरा हायेत. वरचे चार कुनाचे?”

मी म्हणालो, मला माहीत नाही. खाजामियाँनी वरच्या एका पाट्यावर नखाने गंज खरवडला, बोटांनी चाचपला, नाकाशी नेऊन वास घेतला.

“हे तर ट्रालीचे पाटे. अन् हळदीचा वास मारून राहिलेत. आता शॉकप काय करंल बिचारा?”

हणमंतराव, मी ह्या पत्रात कोणावर आरोप करणार नाही. मी केवळ घटनाक्रम देतो. ऋतुजाच्या लग्नानंतरच्या सुगीला आपण पंधरा दिवसांसाठी जीप मागितली. मुलाकडच्यांनी मागितलेली वस्तू मुलीच्या बापाने ‘नाही’ म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही, म्हणून मी किल्ली पुसून दिली. पंधरा दिवस चौदा महिन्यांनी पूर्ण झाले. आपण जीप धुऊन, बोनेटला झेंडूचा हार घालून, टाकी भरून परत आणलीत. केवळाबाईंनी आधी तिला ओवाळले, मग आपल्याला. मी म्हणालो होतो, गाडी जरा उंच वाटते. आपण म्हणालात, टायरात हवा जास्त भरलीय. मी ते मान्य केले. विज्ञानाचा शिक्षक असूनसुद्धा. म्हणजे ज्या जीपला आपण उधळलेले खोंड म्हणता, तिच्या अंगात ते खोंड कोणी भरले, हा प्रश्न मी विचारत नाही. उत्तरच आधी हाती आल्यावर प्रश्न विचारणे अध्यापनशास्त्राच्या दृष्टीने निरर्थक आहे.

खाजामियाँनी दुपारपर्यंत चार पाटे काढले. जीप हळूहळू खाली बसली, पाय मोकळे करून बसावे तशी. मग त्यांनी मी आणलेले, चुकीच्या मापाचे, तुरीखाली मोजलेले शॉकप हातात घेतले. मी त्यांना सावध केले की ते आखूड आहेत. त्यांनी नवा बुश बसवला, वरचा डोळा घातला, खालचा घातला, दोन्ही जागच्या जागी गेले, फीत लावून पाहिले तर अर्ध्या सुताचाही फरक नाही. आता लक्ष देऊन वाचावे, कारण ह्या पत्रातला हा सर्वांत रमणीय भाग आहे. अकरा पाटे आणि साडेतीन क्विंटल तूर मिळून जीप जितकी खाली बसते, बरोबर तितकीच ती सात पाटे आणि शून्य तूर असताना बसते. आपले चार पाटे तिला जितके वर ढकलत होते, तितकेच केवळाबाईंची तूर खाली दाबत होती, आणि मधोमध मी अचूक मापे घेत होतो. मी हे खाजामियाँना आकृती काढून समजावले. त्यांनी आकृती उलटी धरून पाहिली आणि मला चहा पाजला.

परतीच्या प्रवासात मी शास्त्रीय चाचणी घेतली. सौ. केवळाबाई नांदेडला त्यांच्या मावशींकडे आलेल्याच होत्या. त्यांना मी मागच्या बाकावर, म्हणजे ऋतुजा बसेल त्याच जागी बसवले आणि हातात काठोकाठ भरलेला तांब्या दिला. जीप मी मुद्दाम कोणताही खड्डा न चुकवता चालवली. अहमदपूरच्या पुढे रस्त्याचे काम चालू आहे, तिथे तर दोनदा वळून पुन्हा गेलो. शिरूरला पोहोचल्यावर मी प्रथम बाकाखाली हात फिरवला, मग लुगड्याचा पदर तपासला (केवळाबाईंची परवानगी घेऊन). एक थेंब नाही. फळी कोरडी, पदर कोरडा. हा निष्कर्ष मी वहीत लाल शाईने लिहिला आहे. तेव्हा आपण आता निःशंकपणे ऋतुजाला जीपने पाठवण्यास होकार द्यावा, येत्या गुरुवारी मी सकाळी भोकरला हजर होतो. विहीणबाईंना नमस्कार, सत्यमला आशीर्वाद, आपल्या म्हशीलाही विचारल्याचे सांगावे.

आपला, उंची पूर्ववत झालेला व्याही,
रामलिंग

ता. क. आपले चारही पाटे वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवले आहेत. गुरुवारी सोबत आणीन. ट्राली सध्या कशावर उभी आहे, ही उत्सुकता आहे.

ता. क. २. माझी पत्रे पाकिटात जाण्यापूर्वी सौ. केवळाबाई वाचतात, ही आमच्या घरची पद्धत. चाचणीच्या परिच्छेदापाशी त्या थांबल्या. मग त्यांनी सांगितले की ऊन फार होते, त्यामुळे तांब्यातले पाणी त्यांनी लोहा येण्याआधीच पिऊन टाकले, आणि माझा हिरमोड होऊ नये म्हणून रिकामा तांब्या पुढे सगळी वाट दोन्ही हातांनी जपून धरला. वहीतला लाल शाईचा निष्कर्ष मी खोडला आहे.

ता. क. ३. म्हणून वरील विनंती मागे घेतो. ऋतुजाला आपल्या वातानुकूलित गाडीनेच पाठवावे, सत्यमने चालवावी, हळू. मी जीप घेऊन येईन आणि सामानासह मागून येत राहीन. त्याला तरी आपली हरकत नसावी.

ता. क. ४. पाकीट चिकटवता चिकटवता ऋतुजाचा फोन आला. तिला सगळे आधीच कळलेले होते (केवळाबाईंना फोनवर आवाज येत नाही असे कधी होत नाही). ती म्हणाली, “पप्पा, मी गाडीतच येते, ऐका जरा. पण दवाखान्यातून बाळाला घरी जीपमधूनच न्यायचं. मी आले होते तसं.” मी तिला कैरीला मीठ कमी लावायला सांगितले.

ता. क. ५. म्हणजे चाचणी पुन्हा घेणे आले, आणि ह्या वेळी निष्पक्ष साक्षीदारासमोर. हीच माझी खरी विनंती समजावी. गुरुवारी ऋतुजा गाडीतून पुढे जाईल. आपण स्वतः जीपच्या मागच्या बाकावर, मांडीवर भरलेला तांब्या घेऊन, भोकर ते शिरूर बसावे. आपले वजन पाहता जीप आणखी थोडी खाली बसेल, ते मी गणितात धरले आहे. तहान लागल्यास पाण्याची बाटली वेगळी ठेवली आहे. तांब्यातले पिऊ नये. ते नातवंडाचे आहे.